उग्राची फीट आणि काकांची खुर्ची

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रिजच्या दारात सॉसच्या पुड्या जमतात तसे ते जमतात. टाकून द्यावी अशी एकही वाटत नाही, आणि मग एक दिवस फ्रिजचं दार लागेनासं होतं. आमच्या रविवारच्या टेबलाचं तसं झालंय. म्हणून आज थोडे बाहेर काढते.

आधी खेळ सांगते. मागे एकदा न सांगताच सुरुवात केली होती, तर ऑफिसातल्या एका मॅडमना वाटलं की मी खरंच कुणाच्या तरी डोक्यात कुऱ्हाड घातली. त्या अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

आम्ही चौघं एका टेबलाभोवती बसतो. तिघांकडे एकेक काल्पनिक पात्र असतं. चौथा पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून खेळ चालवतो. जंगल, राक्षस, राजे, वादळ, सगळं त्याच्या तोंडून येतं. तो विचारतो, "आता काय करता?" आपण सांगायचं, फासे टाकायचे आणि जगलो की मेलो ते बघायचं. पात्र जरा मुरलं की त्याला एखादं खास कसब निवडता येतं. त्याला म्हणतात फीट. आकडीची नव्हे, इंग्रजीत पराक्रमाला म्हणतात ती. कुणी एकाऐवजी दोन वार करायची फीट घेतं, कुणी अंधारात दिसायची.

टेबल प्रभुणेकाकांचं, पुण्यात बिबवेवाडीला. साठी उलटलेली. हा खेळ मुळात त्यांच्या मुलाचा. मुलगा परदेशी गेला, खेळ मागे राहिला, आणि आडोशामागच्या खुर्चीवर काका बसले ते बसलेच. मला ती खुर्ची हवी होती. माझ्या डोक्यात समुद्राखाली बुडालेलं एक अख्खं शहर तयार होतं, नकाशासकट. काकांचं एकच उत्तर होतं, "अजून थोडी खेळ, मग बघू." हे 'मग बघू' माणसाला साठीनंतर आपोआप येत असावं, गुडघेदुखीसारखं.

*

आमच्या टेबलावर एक रीत आहे. फीट निवडली की तिची सुनावणी होते. हिचा उपयोग काय, हे बाकीच्यांना पटवून द्यावं लागतं. ही रीत अर्थातच काकांची.

माझं पात्र उग्रा. बुटक्या जमातीतली सैनिक, हातात कुऱ्हाड, डोक्यात राग. मी तिच्यासाठी स्वयंपाकाची फीट मागितली. नियम साधा आहे: मुक्कामात उग्राने रांधलेलं जो खाईल, त्याची गेलेली ताकद जरा जास्त भरून येते. उग्रा सैन्याच्या भटारखान्यात वाढलेली, असं मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. शिवाय दोन वारांची फीट सगळं जग घेतं, त्याचा मला कंटाळा आला होता.

शाहबाज आमचा जादूगार. पुणे कॅम्पात त्याच्या घरच्यांचं पिढ्यांपासून चष्म्यांचं दुकान. त्याने फीटचा हिशोब मांडला आणि म्हणाला, "ही फीट म्हणजे चष्म्याला लावलेली दोरी. चष्मा पडत नाही, पण म्हणून जास्त दिसतं असंही नाही."

वैभव आमचा चोर. मूळचा यवतमाळचा, राहतो वाघोलीत, दिवसा कोडिंग करतो. तो म्हणाला, "दोन वारांची घे ना बाप्पा. जेवण काय, आपण मागवून घेऊ."

घनदाट जंगलात. मागवून.

काकांनी आडोशावरून डोकं वर काढलं. "तुला चहा येतो का?"

"उग्राला येतो," मी म्हटलं.

"हं. ज्याला स्वतःच्या फीटची पारख नाही, त्याने दुसऱ्यांचा खेळ चालवू नये." आणि मग पैजच लावली. आम्ही नुकतीच सुरू केलेली, राणीचा किल्ला घ्यायची ही कथा संपेपर्यंत माझी फीट खरोखर उपयोगी पडली, तर पुढची कथा मी चालवायची. नाही पडली, तर खुर्चीचा विषय पुन्हा काढायचा नाही. पडली की नाही ते काका ठरवणार.

"म्हणजे फिर्यादी, न्यायाधीश आणि राक्षस, तिघेही आपणच," शाहबाज म्हणाला.

"हो," काका म्हणाले. "तेवढाच वेळ वाचतो."

*

पहिला मुक्काम ओढ्याकाठी पडला. तिघंही मार खाऊन आलेले. मी ऐटीत जाहीर केलं की उग्रा पिठलं करते, आणि फासे उचलले.

"थांब," काका म्हणाले. "कसं करतेस?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रभुण्यांच्या घरात स्वयंपाक काका करतात. काकू बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि त्यांना गॅसची शेगडी कुठे आहे एवढंच माहीत आहे. काका मात्र निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात जे शिरलेत, ते फक्त रविवारी आडोशामागे बसायला बाहेर येतात.

मी म्हटलं, कसं म्हणजे, पाणी उकळते, त्यात बेसन घालते, झालं.

"पेरलंस की ओतलंस?"

प्रश्नच मला कळला नाही. मी म्हटलं, "ओतलं."

काका अत्यंत दुःखी आवाजात म्हणाले, "गुठळ्या. कुणालाही काहीही मिळालं नाही. चोराचं पोट बिघडलं."

वैभवने निमूटपणे आपली ताकद कमी करून घेतली. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, काका, दुपारी वैभवने तिजोरीचं कुलूप तारेने उघडलं, तेव्हा तुम्ही त्याला काही विचारलं नाहीत. शाहबाजने हवेतून आगीचा गोळा काढला, तेव्हा 'वा' म्हणालात. मी कुऱ्हाडीने अस्वल मारलं, तेव्हा कुऱ्हाड कशी धरलीस म्हणून विचारलं नाहीत. मग पिठल्यालाच परीक्षा का?

"कुलपातलं मला कळत नाही," काका म्हणाले. "पिठल्यातलं कळतं."

*

मग मी ठरवलं की हा विषय सोडायचा नाही. धायरीला घरी आले आणि आईला विचारलं, "पिठलं पेरायचं म्हणजे काय गं?"

आईने टीव्ही बंद केला. आमच्या घरात टीव्ही बंद होतो तो फक्त वीज गेल्यावर.

माझ्या आईने माझ्यावर स्वयंपाकासाठी आजवर जेवढा श्वास खर्च केलाय तेवढ्यात एखादी बाई बासरीवादक झाली असती. मी दाद दिली नव्हती. त्यामुळे मी आपण होऊन विचारल्यावर ती हरखून गेली. एका हाताने पीठ सोडत, दुसऱ्या हाताने घोटत कसं राहायचं, ते तिने मला करून दाखवलं. मग माझ्याकडून करून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमटी. पुढच्या आठवड्यात भाकरी. माझी पहिली भाकरी बघून तिने फक्त खिडकी उघडली.

पण एक प्रश्न तिला चैन पडू देईना. एकदा लसूण सोलता सोलता तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाला खायला घालायचंय?"

"एका चोराला आणि एका जादूगाराला."

आईने लसूण खाली ठेवला. मग म्हणाली, "चोर कुठे राहतो?"

"वाघोलीत."

"लांब पडेल गं," आई म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

*

शिकत होते, पण राग गेला नव्हता. पुढच्या रविवारी मी सूड उगवायचा ठरवला. परीक्षा द्यायची तर सगळ्यांनी द्यायची.

आम्ही एका बंद दारापाशी पोचलो होतो. वैभव म्हणाला, माझा चोर कुलूप उघडतो. मी विचारलं, कुलूप कुठल्या जातीचं आहे? तार किती वाकवलीस? आधी डावीकडे फिरवलीस की उजवीकडे?

"मले काय माहीत? मी कोडिंग करतो," वैभव कळवळून म्हणाला.

मग शाहबाज म्हणाला, जाऊ दे, मी दार जाळतो. मी विचारलं, लाकूड सागाचं की आंब्याचं? ओलं की वाळलेलं? बंद बोळात धूर कुठे गेला? आपण गुदमरलो का? शाहबाज चष्मा काढून पुसायला लागला. तो चष्मा पुसतो तेव्हा समजायचं की तो मनात शिव्या देतोय.

मला वाटलं होतं, तासाभरात काका वैतागतील आणि पिठल्याचा कायदा मागे घेतील. पण काका दोन्ही हात टेबलावर ठेवून, पुढे वाकून, लहान मुलासारखे ऐकत होते. मधेच त्यांनी बिजागऱ्यांचा मुद्दा स्वतःहून काढला. मग चौकटीचा. वैभवने घरी फोन करून एका सुतारकाम करणाऱ्या मामाला विचारलं. त्या मामांनाही विषय आवडला.

सगळी दुपार त्या एका दारात गेली. संध्याकाळी दार उघडलं.

"आत काय आहे?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

काकांनी आडोशामागे पाहिलं. "झाडू ठेवायची खोली," ते म्हणाले. "पण इतका छान रविवार बऱ्याच दिवसांत गेला नव्हता."

*

त्यानंतरचा मुक्काम मी कधीच विसरणार नाही. राणीचे सैनिक मागावर होते आणि आम्ही डोंगरातल्या एका गुहेत लपलो होतो. वैभवच्या चोरात जेमतेम जीव उरला होता. मी शांतपणे म्हटलं, उग्रा आमटी करते.

काका सरसावले. "डाळ?"

"तुरीची. आधी भिजवलेली. हळद आणि थोडं तेल घालून शिजवली."

"फोडणी?"

मोहरी तडतडू दिली, मग जिरं, मग हिंग, मग ठेचलेला लसूण, तो लाल होईपर्यंत थांबले, मग मिरची. चिंचेचा कोळ शेवटी, गूळ त्याच्याही नंतर. मी एका दमात सांगितलं. एकदाही अडखळले नाही.

"लसूण ठेचून घातलास? चिरून नाही?"

"ठेचून. सालासकट."

काका खुर्चीत मागे टेकले. "वा," ते म्हणाले.

दोन वर्षांत मला मिळालेला हा पहिला 'वा'. शाहबाजने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावून अभिनंदन केलं. सगळ्यांची ताकद भरून आली. मी मनात खुर्चीवर बसलेसुद्धा.

मग काकांनी आडोशामागे फासे टाकले आणि विचारलं, "वारा कुठला होता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"कारण लसूण लाल झाल्यावर त्याचा वास दरी ओलांडून जातो," काका म्हणाले. "आणि सैनिक सकाळपासून उपाशी आहेत."

सबंध तुकडी गुहेत शिरली. जेवढी ताकद आमटीने दिली त्याच्या दुप्पट भाल्यांनी नेली. पळत सुटलो तेव्हा वैभवच्या चोराला शाहबाजच्या जादूगाराने खांद्यावर टाकून नेलं.

मी विचारलं, मग हे उपयोगी पडलं असं धरायचं की नाही?

"फीट उत्तम चालली," काका म्हणाले. "इतकी चांगली आमटी नसती तर ते आलेच नसते."

"यापुढे लपायचं असेल तेव्हा दुधी कर," शाहबाज म्हणाला.

*

एकदा वैभव नात्यातल्या एका लग्नासाठी यवतमाळला गेला होता. माणूस कमी पडतोय म्हणून काकूंना बसवलं. त्यांनी आयुष्यात हा खेळ कधी खेळला नव्हता. बँकेच्या चाव्या पर्समध्ये ठेवतात तशा शिस्तीत त्यांनी वैभवच्या चोराचा कागद समोर ठेवला आणि म्हणाल्या, "हं, बोला."

पुलावर एक राक्षस उभा होता. काका आवाज काढून गरजले, की हा पूल ओलांडायचा असेल तर माझी परवानगी लागेल.

"तुम्हाला ती द्यायचे अधिकार कुणी दिले?" काकूंनी विचारलं.

राक्षस आडोशामागचे कागद चाळायला लागला.

"लेखी असेल ना काही? नसेल तर वरच्या साहेबांना बोलवा. आम्ही थांबतो."

या पुलावर आम्ही आधीच्या कथेत दोनदा मेलो होतो. त्या दिवशी राक्षसाने आम्हाला पलीकडे नेऊन सोडलं.

पलीकडे मुक्काम केला. मी म्हटलं, उग्रा मुगाची खिचडी करते. काकांनी तोंड उघडलं, की मूग सालाचे होते का, तांदूळ धुवून किती वेळ...

"अहो," काकू म्हणाल्या, "ती वाढतेय ते जेवा मुकाट्याने. मी इतकी वर्षं काय करतेय?"

काका मुकाट्याने जेवले. म्हणजे आम्ही जेवलो आणि ताकद भरून आली. मी ताबडतोब खुर्चीचा विषय काढला. काका म्हणाले, आजचं धरायचं नाही, मूळ खेळाडू हजर नव्हता. काकूंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि पर्स उचलून आत गेल्या. त्यांना पुन्हा बोलावलं तेव्हा म्हणाल्या, रविवारी मला काम करायला आवडत नाही.

*

आणि आता शेवटचा रविवार.

आम्ही किल्ल्यात पोचलो, लढलो आणि हरलो. राणीला आम्ही बरंच जखमी केलं होतं, पण आम्ही तिघंही साखळदंडात होतो. फीट अजून उपयोगी पडलेली नव्हती, निदान काकांच्या हिशोबाने तरी. कथा संपायला आली होती आणि माझं बुडालेलं शहर बुडालेलंच राहणार होतं.

तेवढ्यात काका राणीच्या आवाजात म्हणाले, "माझे आचारी लढाई सुरू होताच पळाले. ती बुटकी भटारखान्यात होती म्हणतात. तिला सोडा. जेवण झाल्यावर तिघांचं काय ते बघू."

उग्राला मुदपाकखान्यात नेलं. बाजूने नेताना वैभवच्या चोराने तिच्या हातात एक कुपी सरकवली. जहर. त्याने ती केव्हाची चोरून ठेवली होती. एक थेंब पुरेसा होता. राणी मेली असती, किल्ला आमचा झाला असता आणि फीट उपयोगी पडली नाही असं म्हणायची काकांचीसुद्धा हिंमत झाली नसती.

काका म्हणाले, "मुदपाकखान्यात वांगी आहेत, ज्वारीचं पीठ आहे, कांदे, मिरच्या, शेंगदाणे. काय करतेस?"

मी म्हटलं, भरीत आणि भाकरी. वांग्याला तेलाचा हात लावला, चार ठिकाणी टोचलं, निखाऱ्यावर ठेवलं. साल सुटेपर्यंत फिरवत राहिले. मिरची भाजून शेंगदाण्याबरोबर ठेचली. कांदा बारीक चिरला. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळलं, तळव्याने रेटून रेटून. काका मधे काहीच विचारत नव्हते. मीच सांगत होते. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, ते सुकल्यावर उलटली, मग निखाऱ्याला लावली, तशी ती फुगली.

"आता टाक," वैभव म्हणाला.

मी दुसरी भाकरी थापायला घेतली.

"ऋजुता, एक थेंब," शाहबाज हळू आवाजात म्हणाला. "आणि खुर्ची तुझी."

"मी नाही टाकत."

"काहून?" वैभव खुर्चीतून उठलाच. "आपण तिघंही मरून राहिलो ना बाप्पा!"

"उग्रा जेवणात विष घालत नाही. स्वयंपाकीण आहे ती."

काकांनी आडोशावरून माझ्याकडे पाहिलं. "नीट विचार कर," ते म्हणाले. "पुन्हा विचारणार नाही."

"कुपी चुलीत टाकली," मी म्हटलं. "ताट वाढलं."

राणी जेवली. काकांनी सांगितलं की तिने शेवटच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं. मग त्यांनी फासे टाकले, कारण नियम म्हणजे नियम: उग्राने रांधलेलं जो खाईल, त्याची ताकद भरून येते. राणीच्या जखमा भरून आल्या. ती उठली. आधी चोर गेला, मग जादूगार. शेवटी तिने उग्राला एका हाताने उचलून तटावरून खाली टाकलं. त्या हातात बळ माझ्याच भाकरीचं होतं.

वैभव डोकं धरून बसला होता.

"उपयोगी पडली की," शाहबाज म्हणाला. "फक्त आपल्याला नाही पडली."

काकांनी फासे गोळा करून डबीत ठेवले. पुठ्ठ्याचा आडोसा मिटला आणि टेबलावर आडवा ठेवला. आत जाऊन पाणी प्यायले. आम्ही बॅगा उचलत होतो तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, खांद्यावर पंचा, हातात रिकामं फुलपात्र.

"ऋजुता," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी आम्ही किती वाजता यायचं?"

स्वतःच्याच घरात उभं राहून.

"चारला," मी म्हटलं. "उशीर चालणार नाही."